पिवळी पिन आणि नानांचा फेटा

व्हीसीआरची वायर टीव्हीला मी स्वतः जोडणार, असं मी जेवताना जाहीर केलं तेव्हा घरात जी शांतता पसरली, ती मी आदराची समजलो. किरण, म्हणजे माझी बायको, फक्त "बरं" म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याला बायकोच्या "बरं"चे सगळे अर्थ कळायला हवेत, पण मी त्या वेळी आत्मविश्वासाने भरलेला होतो, आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे. आमच्या ऑफिसात प्रिंटर अडकला की साहेब आधी "प्रेमराज पाटलांना बोलवा" म्हणतात. मी जातो, प्रिंटरची सगळी झाकणं उघडतो, सगळी लावतो, दोन थापट्या मारतो, आणि पुष्कळदा तो चालू होतो. अशा माणसाने लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या पिना लाल, पांढऱ्या आणि पिवळ्या भोकांत घालायच्या, यात नापास व्हायला जागा कुठे होती?

व्हीसीआर हवा होता तो एका जुन्या खटल्यासाठी. फिर्यादी म्हणजे सोनगीरचे झुलाल नाना, माझे सख्खे चुलते आणि आमच्या घराण्यातले आता सर्वांत वडील. आरोपी माझा मेहुणा छगन, राहणार बोदवड. गुन्ह्याची जागा बोदवडचाच मांडव, आणि प्रसंग माझं आणि किरणचं लग्न. नानांचं म्हणणं असं, की त्या लग्नात मुलीकडच्यांनी सगळ्या वऱ्हाडाला फेटे बांधले आणि त्यांना एकट्यालाच वगळलं. हे गाऱ्हाणं ते आमच्या घरच्या प्रत्येक कार्यात सांगत आले. बारशात सांगितलं, वास्तुशांतीत सांगितलं, एकदा तर तेराव्यालाही सांगितलं.

"बठ्ठासले फेटा बांधा, माले नही," ते म्हणायचे. "मी त्या मांडवमा पानी बी पिधं नही. तसाच उठनू अन टेसनवर गयू."

गोष्ट दर वर्षी सांगितली की तिच्यावर थोडं थोडं तूप चढत जातं. सुरुवातीला नाना नुसते रागावून बाजूला बसले होते. मग उपाशी उठले. अलीकडे ते बोदवड स्टेशनवर भर उन्हात उपाशीपोटी बसून राहिले होते आणि एका अनोळखी हमालाने त्यांना आपली भाकर दिली होती.

आम्ही हे सगळं ऐकून घेत असू. पण आता आमच्या मुलाचं, पियुषचं, लग्न ठरलं होतं आणि नानांनी निरोप पाठवला, की बोदवडवाल्यांनी चार लोकांत चूक कबूल केल्याशिवाय मी लग्नाला पाय ठेवणार नाही. घरातला वडील माणूस लग्नाला नाही म्हणजे लोक काय म्हणतील, ते सांगायला नको. लोकांनी म्हणायला सुरुवातही केली होती. इकडे छगन फोनवर म्हणाला, "दाजी, मी माझ्या हाताने नानांना फेटा बांधलाय. न केलेल्या गुन्ह्याची माफी मी मागणार नाही. नसेल पटत तर लग्नाची कॅसेट लावून बघा."

मी नानांना तसं कळवलं. मला वाटलं ते उडवून लावतील. पण ते म्हणाले, "लई या ती कॅसेट. माणूस खोटं बोलस, कॅसेट खोटं बोलाव नही." आणि दोन्ही पक्षांनी रविवारी दुपारी आमच्या धुळ्याच्या देवपुरातल्या घरी जमून कॅसेट बघायची, असं परस्पर ठरूनही गेलं.

किरणने कपाटातून शालूच्या खालून कॅसेट काढून दिली. "मला नानांना खोटं पाडायचं नाही हो," ती म्हणाली. "मी अंतरपाटाच्या मागे होते, मला काही दिसलंच नव्हतं. इतकी वर्षं ते बोलतात आणि मी मान खाली घालून चहा देते. खरं काय झालं ते मला एकदा बघायचंय."

हे ती इतक्या हळू बोलली, की मी लगेच कामाला लागलो.

कॅसेटच्या खिडकीतून आतल्या फितीवर पांढरी बुरशी दिसत होती. आमचे शेजारी घेवरचंदजी यांनी ती पाहिली. घेवरचंदजींचं कापडाचं दुकान आता त्यांचा मोठा मुलगा बघतो, त्यामुळे त्यांच्याजवळ वेळ आणि सल्ला दोन्ही भरपूर असतात. "भाऊसाहेब, गच्चीवर टाका," ते म्हणाले. "आमची राजकुंवर पापड वाळवते ना, त्याच्या बाजूला. बुरशी जाते." एप्रिल महिन्यात धुळ्यातल्या गच्चीवर ठेवलेली वस्तू वाळत नाही, शिजते, हे त्यांना सांगून मी कॅसेट पंख्याखाली ठेवली आणि बुरशी मऊ फडक्याने पुसली. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण या प्रकरणात माझे काही निर्णय पहिल्या फटक्यात बरोबरही आले होते.

प्रश्न व्हीसीआरचा होता. धुळ्यात ज्याला विचारावं तो आधी हसायचा आणि मग आपल्याकडे पूर्वी कोणत्या कंपनीचा होता ते सांगायचा. शेवटी माझा कॉलेजातला मित्र अभिमन आठवला. तो जळगावला एका प्रशिक्षण केंद्रात भांडारपाल आहे. "आहे ना," तो म्हणाला. "चालू स्थितीत आहे. पण देता येणार नाही. ये तर खरा."

रजा टाकून गेलो. केंद्राच्या भांडारात प्लास्टिकच्या कापडाखाली तो व्हीसीआर अगदी नव्यासारखा बसला होता. अभिमनने तो चालवूनही दाखवला, म्हणजे त्याचा हिरवा दिवा लावून दाखवला.

"मग अडचण काय?" मी विचारलं.

"याचं निर्लेखन झालंय," अभिमन म्हणाला. "कागदोपत्री हा नष्ट केलेला आहे. बाहेर न्यायचा तर गेटपास लागतो. आणि जी वस्तू केंद्रात नाहीच, तिचा गेटपास मी कसा देऊ?"

मी स्वतः सरकारी नोकर असल्यामुळे मला त्याचं म्हणणं पटलं. मी म्हणालो, "मग नसलेली वस्तू मी नेली, तर मी काय नेलं?"

अभिमनने यावर बराच विचार केला. त्याने प्राचार्यांना विचारलं. प्राचार्य म्हणाले, की नष्ट झालेल्या वस्तूबाबत त्यांना परवानगी देता येत नाही आणि नाकारताही येत नाही, मात्र ती परत आली तर त्यांना बरं वाटेल. फाटकावरच्या पहारेकऱ्याने मला अडवलं आणि पिशवीत काय आहे विचारलं. मी अभिमनकडे पाहिलं. अभिमन गंभीरपणे म्हणाला, "काही नाही." पहारेकऱ्याने पिशवी उचलून पाहिली, तिच्या वजनाने त्याचा खांदा खाली गेला, आणि तो म्हणाला, "मग जाऊ द्या."

जळगावहून परत येताना एसटीत ते धूड मांडीवर घेऊन बसलो. पारोळ्याला चढलेल्या एका बाईंनी बराच वेळ निरखून शेवटी विचारलं, की यात केक होतो का. मी त्यांना हे काय आहे ते समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे केक होत नाही."

घरी आल्यावर मी टीव्ही फिरवला. टीव्ही नवा होता, पियुषच्या लग्नानिमित्त घेतलेला, भिंतभर. व्हीसीआरच्या मागे तीन गोल भोकं. टीव्हीच्या मागे एकही गोल भोक नाही, सगळी चपटी. जुन्या पिढीची आणि नव्या पिढीची भाषा जुळत नाही म्हणतात, ते मी तिथे डोळ्यांनी पाहिलं.

पियुषला पुण्याला फोन लावला. तो कॉम्प्युटरवाला आहे. तो म्हणाला, "पप्पा, एका बाजूला एव्ही आणि दुसऱ्या बाजूला एचडीएमआय अशी कन्व्हर्टरची डबी मिळते, पण घेताना नीट बघा, त्यात दोन..." त्याच वेळी त्याला मीटिंगला बोलावलं. मला तेवढं पुरे होतं. जाणत्या माणसाला अर्धं वाक्य बास असतं.

घेवरचंदजींचा धाकटा मुलगा अर्पित आग्रा रोडवर मोबाइलचं सामान विकतो. मी दुकानात शिरून सांगितलं, "एचडीएमआय आणि एव्हीचा कन्व्हर्टर." तो म्हणाला, "काका, कशातून कशात?" मी म्हणालो, "अरे, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला ते. दोन्ही टोकं असली म्हणजे झालं." त्याने पुन्हा तोंड उघडलं, पण दुकानात गर्दी होती आणि माझ्या आवाजात अधिकार होता. त्याने डबी दिली.

डबी काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. एका बाजूला तीन गोल भोकं, दुसऱ्या बाजूला चपटं. मी वायरी लावल्या. लाल दिवा लागला. कॅसेट घातली, ती आत गेली, चाकं फिरल्याचा आवाज आला, आणि टीव्हीवर निळ्या पडद्यावर अक्षरं आली, की सिग्नल नाही.

मी वायरी काढून पुन्हा लावल्या. मग रंग बदलून लावल्या, कारण रंग हे शेवटी सोयीसाठी असतात. मग लॅपटॉप आणला आणि डबीची वायर लॅपटॉपच्या चपट्या भोकात घातली. लॅपटॉपवर पियुषचा लहानपणीचा फोटो जसा होता तसाच राहिला. हे भोक फक्त चित्र बाहेर पाठवायला असतं, आत घ्यायला नाही, हे पियुषने रात्री फोनवर सांगितलं. मी त्याला म्हणालो, ते मला माहीत आहे, मी खात्री करून बघत होतो.

घेवरचंदजी एव्हाना खुर्ची घेऊन येऊन बसले होते. "भाऊसाहेब, मला वाटतं अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे," ते म्हणाले. समोरच्या बंगल्यातले पितांबर सर, निवृत्त भूगोल शिक्षक, आले आणि म्हणाले, "अँटेना उत्तरेला करा." अँटेना नव्हताच. तो नाही हे कळल्यावर ते म्हणाले, "मग तोच प्रॉब्लेम आहे." घेवरचंदजींच्या पत्नी राजकुंवरबाई खाखरे घेऊन आल्या आणि टीव्हीची दृष्ट काढा म्हणाल्या. मी सगळ्यांचं हसून ऐकून घेत होतो. मनातून माझं निदान पक्कं झालं होतं, की टीव्हीच बिघडलाय.

टीव्ही कंपनीच्या मदत केंद्राला फोन केला. मराठीसाठी अमुक दाबा, तक्रारीसाठी तमुक दाबा असं करत करत मी एका बाईंपर्यंत पोहोचलो. त्यांनी माझ्या गैरसोयीबद्दल इतक्या वेळा खेद व्यक्त केला, की शेवटी मीच त्यांना "असू द्या" म्हणालो. दुसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. त्याने टीव्ही लावला, त्यावर एक हिंदी मालिका लागली, ती त्याने थोडा वेळ पाहिली आणि म्हणाला, "टीव्ही चांगला आहे." मी व्हीसीआर दाखवला. तो म्हणाला, "हे आमच्यात येत नाही," आणि माझ्याकडून समाधानी असल्याचा अंगठा मोबाइलवर दाबून घेऊन निघून गेला.

मी सोफ्यावर बसलो. शुक्रवार होता. रविवारी सोनगीर आणि बोदवड समोरासमोर येणार होते. तेवढ्यात किरण पदराला हात पुसत आली, तिने ती डबी उचलली, उलटी केली, चष्मा लावला आणि म्हणाली, "अहो, यावर बाण आहे."

"कसला बाण?"

"चपट्याकडून गोलाकडे. आपल्याला गोलाकडून चपट्याकडे जायचंय ना?"

मी डबी हातात घेतली. बाण होता. डबी उलट्या दिशेची होती. म्हणजे मी धुळ्याहून जळगावच्या गाडीत बसलो होतो आणि धुळं कधी येतं याची वाट पाहत होतो. "माझ्या ते सकाळीच लक्षात आलं होतं," मी म्हणालो. किरण म्हणाली, "बरं."

अर्पितने डबी बदलून दिली. दिसायला अगदी तीच, फक्त बाण सुलटा. त्याने मला काही सुनावलं नाही, नुसता म्हणाला, "काका, कशातून कशात ते विचारत होतो मी." मी म्हणालो, "आणि मी तुला तेच सांगत होतो." आमच्यात त्याबाबत एकमत झालं.

या वेळी चित्र आलं. मात्र ते काळंपांढरं होतं आणि खालून वर सारखं पळत होतं. माझ्या लग्नातले सगळे पाहुणे लिफ्टमध्ये बसल्यासारखे वर जात होते आणि पुन्हा खालून उगवत होते. घेवरचंदजी बघून म्हणाले, "भाऊसाहेब, फेट्याचा मामला आहे. कलर तर पाहिजे." डबीच्या कडेला एक बारीकसं बटण होतं, इकडच्या आणि अमेरिकेकडच्या पद्धतीचं. अमेरिकेचा आणि बोदवडच्या लग्नाचा काही संबंध नसल्यामुळे मी ते सरकवलं. चित्र थांबलं आणि त्यात रंग भरले. मांडव गुलाबी झाला. मी घेवरचंदजींकडे पाहिलं. हा शोध संपूर्णपणे माझा होता.

एक बारीक दोष राहिला. व्हीसीआरचं पिवळं भोक सैल झालेलं होतं. पिवळी पिन बोटाने दाबून धरली की चित्र दिसायचं, बोट उचललं की जायचं. चिकटपट्टी लावली, रबर लावलं, घेवरचंदजींच्या सूचनेवरून कपडे वाळत घालायचा चिमटासुद्धा लावला. माझ्या बोटाशिवाय ते कोणालाच जुमानत नव्हतं. तेव्हा मी ठरवलं, की रविवारी मी उभा राहून पिन धरणार. वरबाप म्हणून मला पहिल्या रांगेत बसायचा मान होता, तो मी सोडला.

रविवारी दुपारी छगन बोदवडहून गाडी भरून आला. किरणची आई मंजुळाबाईसुद्धा आल्या, काठी टेकत. बोदवडवाले एका भिंतीशी बसले. नंतर सोनगीरहून नाना आले, पांढरं धोतर, टोपी, बरोबर भाऊबंद. ते समोरच्या भिंतीशी बसले. मधे सतरंजी रिकामी ठेवली होती, तिच्यावर कोणी पाय ठेवला नाही. घेवरचंदजी आणि पितांबर सर तटस्थ म्हणून दारापाशी बसले. स्वयंपाकघरातल्या वरण-बट्टीच्या वासाने घर भरलं होतं, पण निकाल लागल्याशिवाय नाना जेवणार नव्हते, हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं होतं.

मी टीव्हीशेजारी वाकून पिवळी पिन दाबली. गणपती आला, सनई आली, दोन गुलाबी बदामांतून माझं आणि किरणचं नाव फिरत आलं. मग माणसं दिसायला लागली आणि दोन्ही भिंती हळूहळू विसरल्या आपण कशाला जमलोय ते. "तो बघा आबा," कोणीतरी म्हणालं. "यांचे केस बघा किती होते." मंजुळाबाईंनी आपले मालक पाहिले, ते आता नाहीत, त्या पडद्याजवळ सरकून बसल्या आणि तिथेच राहिल्या. माझी कंबर दुखायला लागली होती. वाकलेला मी आणि पडद्यावर घोड्यावर ताठ बसलेला मी, अशी तुलना काही लोकांनी बोलून दाखवली.

मग फेट्यांचा प्रसंग आला. पडद्यावर छगन, काटकुळा, मिशी नुकती फुटलेली, थाळीतून फेटे उचलत होता आणि एकेका पाहुण्याला बांधत होता. रांग पुढे सरकली. नानांच्या शेजारचे गृहस्थ झाले. आता नाना. कॅमेरा वळला, नानांचा खांदा दिसला, आणि पडद्याच्या मध्यातून एक कमळ उमललं.

त्या काळी लग्नाच्या कॅसेटमध्ये अशी कलाकुसर करायची पद्धत होती. कमळाच्या पाकळ्या उघडल्या, त्यांत मी आणि किरण गोल गोल फिरलो, मागे धबधबा कोसळला, मग पान उलटावं तसा पडदा उलटला आणि छगन रिकामी थाळी घेऊन परत जाताना दिसला.

"थाळी रिकामी आहे," छगन म्हणाला. "म्हणजे सगळे फेटे बांधले."

"पहिल्यापासूनच कमी आणेल व्हतात," नाना म्हणाले.

मागे घेतलं, पुन्हा लावलं. पुन्हा कमळ. पितांबर सर म्हणाले, उजव्या पाकळीच्या मागे कोपर दिसतोय आणि कोपर वर उचललेला आहे, म्हणजे फेटा बांधणं चालू आहे. सोनगीरवाले म्हणाले, माणूस रागावला की कोपर उचलतो. तिसऱ्यांदा लावलं. घेवरचंदजी म्हणाले, शूटिंगवाल्याला शोधा. छगन म्हणाला, तो सुरतेला गेला. आवाज चढायला लागले. नाना उठून उभे राहिले आणि म्हणाले, "समजनं. मी जास." मधल्या सतरंजीवर त्यांनीच पहिला पाय ठेवला.

कॅसेट तशीच पुढे चालत होती. कोणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं, कारण माझं नाक पडद्यापासून हातभर अंतरावर होतं. पंगत सुरू झाली होती. कॅमेरा एका टोकापासून पानांवरून चालला होता, आणि लांबच्या टोकाला, अगदी कोपऱ्यात, मला एक मिशी दिसली.

मी ती मिशी जन्मापासून ओळखतो. मिशीच्या वर गुलाबी फेटा होता, तुऱ्यासकट. मिशीच्या खाली बट्टी होती. माझे सासरे स्वतः वाकून तूप वाढत होते आणि झुलाल नाना हाताने पुरे न म्हणता अजून म्हणत होते. चित्र अजून लहान होतं. कॅमेरा त्यांच्याच दिशेने येत होता आणि थोड्या वेळात ते भिंतभर होणार होते.

मी मान वळवली. नाना सतरंजीच्या मधोमध थांबले होते आणि पडद्याकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्याच घराचा दरवाजा आपल्याला आतून बंद दिसावा, तसा तो चेहरा झाला होता. माणूस मुद्दाम खोटं बोलत असेल तर असा दिसत नाही. त्यांना ते खरोखरच आठवत नव्हतं. बाकीची मंडळी अजून कोपरावर भांडत होती. स्वयंपाकघराच्या दारात किरण उभी होती, हातात तुपाची वाटी. तिची नजर पडद्याच्या त्याच कोपऱ्यात होती. तिने पाहिलं, नीट पाहिलं, आणि मग माझ्याकडे पाहून नको अशी मान किंचित हलवली.

मी पिनेवरचं बोट उचललं.

पडदा निळा झाला. सिग्नल नाही.

"काय झालं दाजी?" छगन म्हणाला. "पंगत लागली होती. पंगतीत दिसले असते."

"डबी गेली बहुतेक," मी म्हणालो. "गरम झालीय."

मग मला ते पुन्हा जोडून दाखवावं लागलं. मी लाल पिन पिवळ्यात घातली, पिवळी पांढऱ्यात घातली, चपटी वायर उलटी धरून बघितली, व्हीसीआरला दोन थापट्या मारल्या. ते करताना मी इतका मनापासून धडपडत होतो, की कोणालाही तिळमात्र शंका आली नाही. आठवडाभराच्या अनुभवाचं असं चीज होईल, असं मला वाटलं नव्हतं. "याला जमणार नाही, मी आधीच म्हणालो होतो," असं पितांबर सर म्हणाले. ते आधी असं काही म्हणाले नव्हते. सोनगीरच्या एका भाऊबंदाने विचारलं, हे ऑफिसात काय करतात. छगनने हताश होऊन कपाळाला हात लावला. मी शेवटपर्यंत चुकीच्याच भोकात पिन घालत राहिलो.

नाना अजून तिथेच उभे होते. मग ते हळूच सतरंजीवर बसले, तिथेच, मधोमध.

"जाऊ द्या," ते म्हणाले. "मशीन शे. त्याना काय भरोसा." मग त्यांनी छगनकडे न बघता म्हटलं, "तवय बांधा का नही बांधा, ते आते कोणलेच माहीत नही. पियुषना लगीनमा बांधजो. तुनाच हातवरी."

छगनला हे काय चाललंय ते कळलं नाही, पण तो व्यवहारी माणूस आहे. तो उठला, नानांच्या पाया पडला आणि म्हणाला, "पहिला तुम्हाला, नाना."

"अन आते जेवन वाढा. माले भूक लागनी," नाना म्हणाले.

पानं मांडली. दोन्ही भिंती एका पंगतीत बसल्या. वांग्याची भाजी, वरण, बट्टी. मंजुळाबाई मात्र निळ्या पडद्यासमोरून उठत नव्हत्या. मालक परत दिसतील का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, अक्का, सगळे गेल्यावर मी तुम्हाला एकट्यांना दाखवतो, तोवर दुरुस्त होईल. त्यांनी विश्वास ठेवला. त्या घरात त्या वेळी माझ्यावर विश्वास ठेवणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

घेवरचंदजी जेवता जेवता म्हणाले, "भाऊसाहेब, वाईट वाटून घेऊ नका. माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, वायरीचं सगळं येतं त्याला. नंबर देऊ?" सगळी पंगत माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, "द्या."

मग किरणच्या हातातली तुपाची वाटी घेऊन मी वाढायला निघालो. नानांच्या पानाशी वाकलो. त्यांनी बट्टी कुस्करली, मधे खळगा केला, आणि मी तूप सोडणार तोच माझं मनगट धरलं. वर न बघता, फक्त मला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात त्यांनी विचारलं, "बोट काबरं उचलं रे?"

"अवघडलं होतं, नाना."

त्यांनी मनगट सोडलं नाही. खळग्याकडे बघत राहिले.

"तुना सासरा बी असंच वाकीसन वाढे," ते म्हणाले, आणि मग माझा हात स्वतःच वाकवून त्यांनी पानात तूप घेतलं. खळगा भरला, तूप वरणात उतरायला लागलं, तरी ते पुरे म्हणाले नाहीत.